पाठवलेल्या बातमीचा हिशेब

वाचकहो, आपण सारे दिवसातून अनेकदा साक्ष देत असतो आणि आपण साक्ष देत आहोत याची आपल्याला कल्पनाही नसते. मोबाइलवर आलेली बातमी आपण बोटाच्या एका स्पर्शाने दहा जणांकडे पाठवतो. पाठवणाऱ्याचे नाव पाहून घेणारा ती खरी मानतो. म्हणजे बातमीबरोबर आपण आपला भरवसाही पाठवतो. या साक्षीचा जाब अल्लाहपुढे द्यावा लागेल काय? आणि साक्ष खोटी ठरली, तर तिची तौबा कशी करावी? हे दोन प्रश्न माझ्याच हातून घडलेल्या एका चुकीने माझ्यापुढे उभे केले. ती चूक प्रथम सांगतो.

मी भाटघरच्या परिसरात राहतो. वेळवंडी नदीवरचे इंग्रजांच्या काळातले हे दगडी धरण आज जवळजवळ शंभर वर्षांचे झाले आहे. त्याला स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठराविक पातळीच्या वर चढले की पाण्याच्याच दाबाने ते उघडतात. पावसाळ्यात धरण भरले की दरवाजांतून पाणी कोसळू लागते, आणि लांबून आलेल्या माणसाला तो आवाज ऐकून धडकी भरते. आम्हाला मात्र तो दरवर्षीचाच.

काही वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट. सलग तीन दिवस झड लागली होती. इशाची नमाज आटोपून मी मोबाइल उघडला, तर एक चित्रफीत आलेली. अंधारात पाणी कोसळते आहे आणि मागून कोणी ओरडते आहे की भाटघर फुटले, खालच्या गावांनी पळा. माझ्या छातीत धस्स झाले. मी ती तत्काळ दोन ग्रुपवर पाठवली. एक आमच्या मशिदीचा. दुसरा दहावीच्या मुलांचा, ज्यांना मी मराठी शिकवतो. त्यात सर्व समाजांची मुले आहेत आणि ती मला ‘सर’ म्हणतात.

थोड्याच वेळात मोहल्ल्यातले तरुण धावत आले. “मौलाना, माइक चालू करा, लोकांना सांगा.” मी माइकपाशी गेलो. बटणावर हात ठेवला, तेवढ्यात मागून एका वृद्ध चाचांचा आवाज आला. त्यांनी तरुणपणी धरणावर मजुरी केली होती. त्यांनी एवढेच विचारले, “मौलाना, पाहिलं कुणी?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. कोणीच पाहिले नव्हते. चाचांनी दोन मुलांना मोटारसायकलवर धरणाकडे पाठवले. अर्ध्या तासाच्या आत ती परत आली. धरण जागेवर होते. दरवाजे दरवर्षीप्रमाणे उघडले होते, एवढेच. चित्रफीत कुठल्या धरणाची होती, कोण जाणे. मी अल्हम्दुलिल्लाह म्हणालो, दोन्ही ग्रुपवरचा संदेश पुसून टाकला आणि झोपी गेलो. विषय संपला, असे मला वाटले.

तिसऱ्या दिवशी समजले की नदीकाठच्या एका वस्तीवर एक आजी त्या रात्री पावसात, अंधारात घर सोडून निघाल्या, निसरड्यावर पडल्या आणि त्यांचे कमरेचे हाड मोडले. त्यांचा नातू माझा विद्यार्थी. घरच्यांनी त्याला विचारले होते, “खरं असंल का रं?” तो म्हणाला होता, “सरांनी पाठवलंय.”

वाचकहो, मी मनाशी सबबी शोधू लागलो आणि मला तीन सापडल्या. या तिन्ही सबबी आपण सगळेच देतो, म्हणून त्या एकेक करून तपासू.

पहिली सबब अशी की, ती बातमी मी रचली नव्हती, मी फक्त पुढे पाठवली. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या एका हदीसचा आशय असा आहे की, माणूस जे जे ऐकेल ते ते सांगत सुटला, तर खोटारडा ठरण्यास त्याला तेवढेच पुरे. इमाम मुस्लिम (रह.) यांनी ही हदीस आपल्या संग्रहाच्या प्रास्ताविकातच घेतली आहे. तिच्यात खोटे रचण्याचा उल्लेख नाही, केवळ ऐकलेले सांगण्याचा आहे. मदीनेत आदरणीय आयेशा (रजि.) यांच्यावर बालंट आले, तेव्हा ते रचणारे थोडे होते, पण जिभेवरून जिभेवर नेणारे त्यांहून अधिक होते, आणि सुमारे महिनाभर ते शहर त्या कुजबुजीत होरपळत होते. सूरह नूरमध्ये अल्लाहने आदरणीय आयेशांचे निर्दोषत्व जाहीर केले आणि ती गोष्ट तोंडातोंडी नेणाऱ्यांनाही खडसावले. तुम्ही ती किरकोळ समजत होता आणि अल्लाहपाशी ती फार मोठी होती, असा त्या आयतीचा आशय आहे. तेव्हा ‘मी फक्त पुढे पाठवली’ ही सबब कुरआनने चौदा शतकांपूर्वीच नाकारलेली आहे.

दुसरी सबब अशी की, माझी नियत चांगली होती. कर्मे नियतीवर अवलंबून असतात ही हदीस आपल्याला मुलाबाळांसह पाठ आहे. पण तिचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. चांगली नियत अनुमत कृत्याला इबादत बनवते, खोट्याला खरे बनवण्याची शक्ती तिच्यात नाही. नेक नियतीने कोणी चुकीचे औषध पाजले, तर ते औषध बदलत नाही.

याच नियतीच्या नावाखाली आपल्या घरांत काय काय फिरते, ते पाहा. अमुक महिन्याच्या आगमनाची खबर जो सर्वप्रथम देईल त्याच्यावर जहन्नमची आग हराम होईल, असा संदेश दरवर्षी येतो आणि तो प्रेषितांच्या (स.) नावावर खपवला जातो. हदीसच्या विश्वसनीय ग्रंथांत अशी हदीस नाही. हा संदेश अकरा जणांना पाठवा म्हणजे आनंदाची बातमी मिळेल, न पाठवाल तर नुकसान होईल, हेही आपण वाचले आहे. यासाठी मोबाइलला दोष देण्याचेही कारण नाही. मदीनेच्या कोणा शेख अहमद यांच्या स्वप्नाचे पत्रक आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळापासून छापून वाटले जात आहे. यंत्र बदलले, सवय तीच राहिली. आणि प्रेषितांवर (स.) जाणूनबुजून खोटे रचणाऱ्याने आपली जागा आगीत समजावी, असा कठोर इशारा स्वतः प्रेषितांनी (स.) दिलेला आहे.

खरे पाहता, बातमी तपासण्याचे शास्त्र या उम्मतीने जगाला दाखवले. इमाम बुखारी (रह.) आणि त्यांच्यासारख्या मुहद्दिसांनी प्रत्येक हदीसमागे सांगणाऱ्यांची साखळी मागितली. अमुकाने अमुकाकडून ऐकले, त्याने अमुकाकडून, अशी ती थेट प्रेषितांपर्यंत (स.) पोहोचली पाहिजे. या साखळीला ‘सनद’ म्हणतात. साखळीतल्या प्रत्येक माणसात दोन गुण पाहिले जात. एक ‘अदालत’, म्हणजे तो सच्चा आणि सदाचारी आहे काय. आणि दुसरा ‘जब्त’, म्हणजे ऐकलेले नेमके जपून ठेवण्याची त्याची क्षमता आहे काय. कित्येक नेक, तहज्जुदगुजार माणसांची कथने मुहद्दिसांनी बाजूला ठेवली, कारण त्यांची नेकी निर्विवाद असली तरी स्मरणावर भरवसा ठेवता येत नव्हता. आणि आपण? संदेश हाजीसाहेबांनी पाठवला, मौलानांनी पाठवला, एवढ्यावर आपण थांबतो. साखळीत ज्याची ओळखच पटत नाही, अशा कथनकाराला मुहद्दिस ‘मजहूल’ म्हणत आणि त्याचे कथन स्वीकारीत नसत. संदेशावर ‘फॉरवर्डेड’ एवढेच लिहिलेले असते, तेव्हा त्याची अख्खी साखळीच मजहूल असते. त्या रात्री मी सनद शिकलेला माणूस असूनही एका मजहूल आवाजावर विसंबलो.

तिसरी सबब सर्वांत वजनदार आहे. तपासायला वेळ नव्हता. धरण खरोखरच फुटले असते तर? मी गप्प बसलो असतो आणि माणसे वाहून गेली असती तर?

ही सबब मी हलक्यात घेत नाही, आणि आमच्या मुलखात ती कोणीच हलक्यात घेऊ नये. शेजारच्या तालुक्यात, आंबी नदीवर, पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी सकाळी फुटले. त्या पाण्याने पुढे खडकवासल्याचे धरणही फोडले आणि पुण्याचा नदीकाठ बुडवला. धरण धोक्यात असल्याचे काहींना आधी कळले होते. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून ते काही तास तगवले, म्हणून पाणी शहरात दिवसाउजेडी शिरले आणि असंख्य जीव वाचले. पण नदीकाठच्या अनेकांपर्यंत वेळेवर सूचना पोहोचली नाही. पानशेत आपल्याला सांगते की मौनही जीव घेऊ शकते. म्हणून ‘शंका असेल तर गप्प बसा’ एवढाच धडा मी आपल्याला देणार नाही. तो अपुरा आहे.

कुरआन काय शिकवतो ते पाहा. सूरह निसाच्या ८३व्या आयतीत अशा लोकांचा उल्लेख आहे, ज्यांच्याकडे शांततेची किंवा भीतीची एखादी बातमी आली की ते ती पसरवत सुटतात. त्यांनी ती प्रेषितांकडे (स.) आणि आपल्यातील जबाबदार लोकांकडे नेली असती, तर तिच्यातून तथ्य काढू शकणाऱ्यांना ते कळले असते, असे अल्लाह तेथे समजावतो. येथे बातमी दडपण्याचा आदेश नाही, तिची दिशा बदलण्याचा आहे. भीतीची बातमी आधी जाणकाराकडे न्यायची आणि तेथून लोकांपर्यंत आणायची. सूरह हुजुरातच्या ६व्या आयतीत यासाठी जो शब्द आला आहे, तो ‘तबय्युन’, म्हणजे गोष्ट स्पष्ट करून घेणे. तबय्युन ही कृती आहे. तिला पाय लागतात, मोटारसायकल लागते, भर पावसात धरणापर्यंत जाण्याची तयारी लागते. चाचांनी तबय्युन केले. मी मात्र बोट फिरवले, आणि त्यालाच कर्तव्य समजलो.

आमच्याकडे तर धरण हाकेच्या अंतरावर होते. तेथे रात्रपाळीचे कर्मचारी होते, गावात पोलीसपाटील होते. समजा, यांपैकी कोणाशीच संपर्क झाला नसता, तरीही मला खरे बोलता आले असते. ‘अशी एक चित्रफीत आली आहे. ती कोणाची, कधीची, मला माहीत नाही. आमची माणसे धरणावर पाहायला गेली आहेत. नदीकाठच्यांनी जागे राहावे.’ हे चार वाक्यांचे सत्य होते, आणि त्याने कोणी झोपेत वाहून गेले नसते किंवा अंधारात धावलेही नसते. जेवढे ज्ञान तेवढीच साक्ष. सूरह बनी इस्राईलमध्ये ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे लागू नये, कान, डोळे आणि अंतःकरण या साऱ्यांची विचारणा होईल, असे बजावले आहे. त्यात हाताचे बोटही आले, असे मी आता समजतो.

सूरह हुजुरातच्या त्या आयतीची पार्श्वभूमी मुफस्सिरांनी सांगितली आहे. एका कबिल्याकडे जकात गोळा करण्यास एक दूत पाठवला गेला. त्या कबिल्याचे लोक त्याच्या स्वागतास बाहेर पडले. त्याला वाटले, हे आपल्याला मारायला येत आहेत, आणि त्याने परत जाऊन तशी खबर दिली. त्या खबरीवर लष्कर चालून जाण्याची वेळ आली होती. अज्ञानातून एखाद्या समूहाला इजा कराल आणि मग पस्तावाल, हा त्या आयतीतला इशारा या प्रसंगात किती नेमका बसतो! लोक खरोखर आले होते, पण त्यांच्या येण्याचा अर्थ चुकीचा लावला गेला. आजच्या चित्रफितींचे हेच दुखणे आहे. चित्र पुष्कळदा खरे असते, त्याला जोडलेले वाक्य खोटे असते.

तो पस्तावा आपल्या महाराष्ट्राने पाहिला आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा गावात आठवडे बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार केले. भिक्षा मागत फिरणारी ही गरीब माणसे. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्या दिवसांत मोबाइलवर सर्वत्र फिरत होते. त्याच दिवशी रात्री आमच्या मालेगावातही याच संशयावरून जमावाने एका गरीब कुटुंबाला घेरले. त्यांच्यासोबत लहान मूल होते. पोलिसांनी त्यांना वाचवले, हा अल्लाहचा फजल. मालेगावात त्या रात्री जमावाकडे जी बातमी होती, तीच राईनपाड्यातल्या जमावाकडे होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठवता येणार नाही, अशी मर्यादा घालण्याचे ठरवले. कंपनीने बोटाला लगाम घातला. ईमानवाल्याला हा लगाम आधीच मिळालेला होता.

येथे आपल्यापैकी काही जण म्हणतील, ‘मौलाना, हे आम्हाला कशाला सांगता? खोट्या बातम्यांचा मार तर आम्हीच खातो.’ हे दुःख खरे आहे. जून २०१४ मध्ये पुण्याच्या हडपसर भागात एका तरुण मुस्लिम संगणक अभियंत्याला जमावाने मारले. फेसबुकवरच्या आक्षेपार्ह चित्रांवरून लोक खवळले होते आणि त्या चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. २०२० च्या महामारीत तबलीगी जमातीच्या नावाने काय काय बोलले गेले, ते आपण विसरलेलो नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी जमातीच्या परदेशी पाहुण्यांवरील गुन्हे रद्द केले आणि माध्यमांनी चालवलेल्या प्रचारावर ताशेरे ओढले. पण निकालाची बातमी आरोपाच्या बातमीइतक्या घरांत गेली नाही.

ज्याने हे सोसले आहे, त्याला तबय्युनची किंमत इतरांपेक्षा अधिक कळायला हवी. कोणा समूहाविषयीचा राग तुम्हाला न्यायापासून ढळवू नये, ही सूरह माइदाची शिकवण अशाच प्रसंगासाठी आहे. आपल्याविरुद्ध खोटे फिरते म्हणून दुसऱ्या समाजाविषयीची, दुसऱ्या मस्लकच्या मौलानांविषयीची किंवा शेजारच्या घरातल्या मुलीविषयीची न तपासलेली गोष्ट आपण पुढे पाठवू लागलो, तर मजलूम असण्याचा आपला आधारही आपणच घालवला.

आता दुसरा प्रश्न. झालेल्या चुकीची तौबा कशी करावी? अल्लाहच्या हक्कातली चूक अल्लाह क्षमा करतो, पण बंद्याच्या हक्कातली चूक त्या बंद्याकडूनच माफ करून घ्यावी लागते. मी आजींच्या घरी गेलो. त्या खाटेवर पडून होत्या. मी हात जोडून चूक कबूल केली. त्या म्हणाल्या, “मास्तर, तुमी काय मुद्दाम केलं व्हय? हाड जुळंल. पर ज्या ज्या घरी ती बातमी गेली, त्या समद्यांना धरण जाग्याव हाय म्हून कुणी सांगितलं का?”

वाचकहो, मी निरुत्तर झालो. मी संदेश पुसला होता, खुलासा केलाच नव्हता. आणि पुसला तोही फक्त माझ्या दोन ग्रुपवरचा. तेथून पुढे गेलेला प्रत्येक संदेश अजून फिरतच होता. पुसण्याने चूक दुरुस्त झाली नाही, माझे नाव तेवढे तिच्यावरून निघाले.

घरी येऊन मी सूरह बकरहची १६०वी आयत पुन्हा वाचली. अल्लाहने दिलेले मार्गदर्शन लपवणाऱ्यांविषयीच्या त्या ठिकाणी सुटकेच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत : तौबा करणे, सुधारणा करणे आणि स्पष्ट करून सांगणे. शेवटच्या पायरीसाठी आलेला शब्द आहे ‘बय्यनू’. मदरशात व्याकरण शिकलेल्याला हे लगेच दिसावे की तबय्युन आणि हा शब्द एकाच धातूतून आले आहेत. बातमी पाठवण्याआधी स्पष्ट करून घ्या. चूक झाली असेल तर नंतर स्पष्ट करून सांगा. उलमांनीही नियम सांगितला आहे की गुप्त गुन्ह्याची तौबा गुप्तपणे आणि उघड गुन्ह्याची तौबा उघडपणे करावी.

त्या जुम्याला मी मिंबरवरून सांगायचे ठरवले. एकदोन बुजुर्गांनी प्रेमाने समजावले, “मौलाना, इमामाची आब राहिली पाहिजे. लोक विसरतील.” त्यांचा हेतू चांगला होता. पण मला नातवाचे ते वाक्य आठवत होते. माझ्या नावावर विश्वास ठेवून एक वृद्धा अंधारात निघाली होती. त्याच नावाची आब राखण्यासाठी मी गप्प बसणार होतो काय? मी खुतब्याआधी मराठीत सांगितले की तो संदेश मी पाठवला होता, तो खोटा होता आणि मी तपासला नव्हता. मुलांच्या ग्रुपवरही तेच लिहिले आणि विनंती केली की, ज्यांना ज्यांना पहिला संदेश पाठवला, त्यांना हाही पाठवा. पहिला संदेश ज्या वेगाने गेला, त्या वेगाने हा गेला नाही. किती घरांत पोहोचला, अल्लाह जाणे. जी घरे मला माहीत नाहीत, त्यांच्यासाठी मी आजही दुआ करतो. यापलीकडे माझ्या हातात काही उरले नाही, आणि हेच मला सर्वाधिक टोचते. सोडलेली बातमी परत बोलावता येत नाही.

म्हणून आपल्या घरात चाचांचा तो प्रश्न चालू ठेवा : पाहिलं कुणी? मुलगा मोबाइल दाखवायला आला की रागावू नका, त्याला विचारा. आई-वडिलांनी काही पाठवले तर अदब राखून विचारा. कोणी पाहिले, कुठे, कधी? खोटे निघाले तर इजा कोणाला होईल? याविषयी खरे कोणाला ठाऊक असेल? उत्तर नसेल तर शोधा. शोधता येत नसेल आणि गोष्ट तातडीची असेल, तर जेवढे माहीत तेवढेच सांगा. आणि चूक झालीच तर जिथे बोललात तिथेच, तितक्याच मोठ्याने दुरुस्त करा. धरणाचे दरवाजे दाब वाढला की आपोआप उघडतात; त्यांना तसेच बनवले आहे. माणसाला अल्लाहने दाबाखालीही थांबून विचारण्याची शक्ती दिली आहे, आणि त्या शक्तीचाच हिशेब होणार आहे.

अल्लाह आपल्या जिभांना आणि बोटांना सत्याचे बंधन देवो, आपल्यामुळे ज्यांना इजा झाली त्यांची मने आपल्याविषयी मऊ करो, आणि चूक कबूल करण्याची हिंमत आपल्याला मरणापूर्वी देवो. आमीन.